मैनाबाईच्या खोपटावरची पवनचक्की

पंढरी मेहेर बोईसरच्या एका कारखान्यात जळलेल्या मोटरींची तार पुन्हा गुंडाळायचा. आषाढात त्याने चिंचणीच्या आपल्या घरावर पवनचक्की उभी केली. पीव्हीसी पाइप चिरून केलेली तीन पाती, भंगारातली मोटर आणि खाली स्कूटरची बॅटरी. समुद्राचा वारा जोरात होता. ओट्यावरचा दिवा लागला तशी सगळी आळी गोळा झाली. शाळेच्या उत्कर्षाबाई मुलांना रांगेने घेऊन आल्या. पंधरा ऑगस्टला शाळेने त्याला शाल दिली.

गणपती गेले आणि वारा पडला. पाती फिरायची, पण बॅटरी भरेल एवढा जोर नसायचा. दिवा विझला. शेजारचा झुंबर हसत म्हणाला, "काय रे, शाल परत करतोस काय?"

ते पंढरीला फार झोंबलं. त्याने घरातल्या विजेवर चार्जर लावला आणि वायर भिंतीमागून बॅटरीला जोडली. दिवा पुन्हा लागला. बायकोला, मंदालाही त्याने सांगितलं नाही.

दिवाळीनंतर मैनाबाई आली. सत्तरीची, नात्याने लांबची काकी. किनाऱ्यावर बोंबील सुकवायचं तिचं खळं होतं, तिथल्या खोपटात वीज नव्हती.

"पंढरी, माझ्या खोपटावर पन एक बसव. सांजचं सुकट निवडायला दिसत नाय."

"काकी, आता वारा कमी हाय."

"तुझ्याकडं जलतो ना दिवा? माझं खोपट तर दर्यालाच लागून हाय."

खरं सांगवेना म्हणून त्याने पवनचक्की बसवून दिली. बॅटरी घरून भरून नेली होती, ती चार दिवस पुरली. पाचव्या दिवशी मैनाबाई दारात.

"माझ्याकडंच वारा का नाय येत रे?"

"जागेचा दोष असंल," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

आठवड्याने तो खळ्यावर गेला तर खोपटाजवळचं बदामाचं झाड नव्हतं. त्याच्याच सावलीत मैनाबाई दिवसभर मासळी निवडत बसायची. खोड वाळूत आडवं पडलं होतं आणि ती डोक्यावर पदर घेऊन उन्हात बसली होती.

"झाडानं वारा अडत होता," ती उत्साहाने म्हणाली. "काल पाडून घेतलं. आता बघ."

पंढरीला वर बघवेना. तो तिच्यासमोर वाळूत बसला.

"काकी, माझा दिवा वाऱ्यावर नाय जलत. घरच्या लायटीवर जलतो. वायर लपवलीय मी."

तिचा हात थांबला. "कवापासून?"

"गणपतीपासून."

"म्हंजे मी तुझ्या दारात आले तवा पन?"

त्याने होय म्हणून मान हलवली. तिने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "नाय म्हनला असतास तरी चाललं असतं रे. झाड तरी रायलं असतं."

दुसऱ्या दिवशी तो शाल घेऊन शाळेत गेला. उत्कर्षाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मुलांना तुम्हीच सांगा." तो वर्गासमोर उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं.

रुचिता नावाच्या मुलीने विचारलं, "मग काका, पवनचक्की खोटी?"

"पवनचक्की खरी हाय, पोरी. पावसाळ्यात चांगली चालते. खोटं मी बोललो."

कोणी हसलं नाही. ते त्याला जास्त जड गेलं.

घरी येऊन त्याने वायर काढली. रविवारी बांबू आणि ताडपत्री नेऊन मैनाबाईच्या बसायच्या जागेवर मांडव घातला. तिने घालू दिला. पण पूर्वीसारखं "बस, च्या घे" म्हणाली नाही.

पुढच्या आषाढात दर्या खवळला तेव्हा तिने मंदाकडे निरोप दिला, "दिवा लागतो म्हनून सांग त्याला." पंढरीने तो निरोप दोनदा विचारून घेतला. बघायला ये, असं मात्र ती म्हणाली नव्हती. तो गेला नाही.