डेशाला वर न्यायचं होतं

दुब्रोव्निकच्या कोटात गल्ल्या म्हणजे जिनेच. आजारी माणूस असो की मढं, गल्लीतल्या चार जणांनी उचलायचं आणि काम झालं की पेलाभर वाईन घ्यायची, ही जुनी रीत. पैशाचं नाव कोणी काढत नसे. लुक्शा पेशाने हमाल, त्यामुळे जड बाजू कायम त्याच्याकडे. आता त्याचा उजवा खांदा गेला होता.

त्याची बायको डेशा खुब्याचं हाड मोडून इस्पितळात होती. सकाळी नर्सचा फोन आला.

"आज सोडतोय. गाडी वेशीपर्यंत येईल. वर न्यायला माणसं नसली, तर ड्रायव्हर तिला तसाच डोंगरापलीकडे वृद्धाश्रमात नेईल. खाट राखून ठेवलीय."

"माणसं आहेत," लुक्शा म्हणाला.

त्याने स्वयंपाकघरातली हातांची खुर्ची घेतली, तिला दोर आवळले आणि माणसं शोधायला उतरला.

पहिलं दार फ्रानोचं. फ्रानो घर विकून कधीच गेला होता. दारावर भाड्याने उतरणाऱ्या पर्यटकांसाठी किल्लीची आकडेवाली पेटी होती. तरी लुक्शाने कडी वाजवली. अर्ध्या चड्डीतला एक परका माणूस बाहेर आला, हसला आणि कचऱ्याची पिशवी त्याच्या हातात देऊन आत गेला. लुक्शाने ती घेतली. पुढच्या दारावर पेटी. त्याच्या पुढच्याही.

"मतं मागत फिरतोयस का रे?" खिडकीतून म्हातारी येले ओरडली.

"माणसं हवीत. डेशाला वर आणायचंय."

"मी येते की. एक पाय घरात, एक स्मशानात. हात मोकळेच आहेत."

"दात काढू नकोस, येले. गल्लीत कोण उरलंय?"

"तू नि मी. नि ही मांजरं."

खाली मोठ्या रस्त्यावर चालायला जागा नव्हती. बंदरात पर्यटकांचं जहाज लागलं होतं. खानावळीचा मालक मारो चार थाळ्या सांभाळत धावत होता.

"लुक्शा बार्बा, माझ्या बापाचं मढं तुम्हीच खाली उतरवलंत, विसरलो नाही मी. पण आत्ता? संध्याकाळी या, सगळी पोरं देतो."

"गाडी संध्याकाळपर्यंत थांबायची नाही."

मारोने मान खाजवली आणि बिबेक नावाचा नेपाळी वाढपी दिला. "लगेच परत पाठवा हं."

बंदरावर जुना जोडीदार स्त्येपो कमरेला पट्टा बांधून बसला होता.

"तुझा खांदा गेला, माझी कंबर गेली. दोघांचं मिळून एक गाढवही होत नाही."

"ऊठ, गाढवा."

तिघं झाले. चौथा मिळाला नाही. वेशीशी गाडी येऊन थांबली होती; ड्रायव्हर ती सोडून हात द्यायला तयार नव्हता. घोंगडीत गुंडाळलेल्या डेशाने तिघांकडे पाहिलं.

"एवढेच?"

"पुरेत."

सपाटीवर निभावलं. जिन्याशी लुक्शाने खालची बाजू एकट्याने घेतली. ते चूक होतं. चढताना वरच्यांनी फक्त ओढायचं असतं, वजन खालच्यावर येतं, आणि तिथे दोघं लागतात. पण वर स्त्येपोला एकट्याने झेपलं नसतं, म्हणून बिबेकही वरच. बोलण्यात दम जातो. पायरी, थांबा, पायरी. लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. काही जणांनी फोन वर धरले.

पहिल्या वळणावर बोटं उघडायला लागली. माणसाची ताकद आधी बोटांतून जाते. खुर्ची कलली. त्याने छाती खाली घातली, डोकं लावलं.

"ठेव! ठेव खाली!" स्त्येपो किंचाळला.

खुर्ची पायरीवर टेकली. डेशाचे ओठ पांढरे पडले होते.

"लुक्शा, फिरव."

"दम घेऊ दे. जरासा."

"हात बघ तुझे."

"जाऊ आपण. हळूहळू जाऊ."

"आणि वर गेले तर? मेल्यावर खाली कोण आणेल मला?"

त्याने जिन्यावर पाहिलं. येले खिडकीत उभी होती. बाकी दारं बंद.

त्याने खुर्ची फिरवली. उतरताना खालची बाजू बिबेकने घेतली, काही न विचारता.

गाडीत तिला आडवं केलं. स्त्येपो तोंड फिरवून कमरेचा पट्टा घट्ट करत राहिला. डेशा म्हणाली, "झगे आण माझे. दोन पुरेत."

दार लागलं, गाडी गेली. झगे आणायला लुक्शा परत फिरला आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसला. लोक त्याला वळसा घालून वर जात होते.