कॅमेऱ्यामागचे बाबीकाका

बाबीकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरच्या घरी मेथी निवडत बसले होते. फोन त्यांच्या पुतण्याचा, सुहासचा. "सुलूताई, काका गेले... खुर्चीतच. मी दुपारी डबा घेऊन गेलो, तर टीव्हीवर कुणाचं तरी बारसं चाललेलं. मला वाटलं, बघतायत."   मग म्हणाला, "टेप संपेपर्यंत मी मशीन बंद केलं नाही. ते कधी मधेच बंद करायचे नाहीत ना."

लालबागला आमच्या चाळीत आमच्यापासून तीन दारं सोडून त्यांची खोली. माझे वडील, म्हणजे दादा, आणि बाबीकाका एकाच गिरणीत, साचेखात्यात, शेजारशेजारच्या साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. काका दादांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, एकटे, जेवायला आमच्याकडेच. संप लागला, लांबला, आणि आज भोंगा वाजेल, उद्या वाजेल म्हणून बसलेली माणसं एकेक करून उठली आणि मिळेल त्या कामाला लागली. दादा शिवडीच्या एका गोदामावर राखणदार झाले. काका गिरगावात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या एकाकडे दिवा धरायला लागले आणि दोन वर्षांत कॅमेरा स्वतःच्या खांद्यावर घेतला. त्यानंतर आमच्या चाळीतलं लग्न, बारसं, साखरपुडा, काही म्हणजे काही त्यांच्यावाचून झालं नाही. सगळीकडे ते होते आणि एकाही टेपमध्ये ते दिसत नाहीत. जेवणाचा आग्रह झाला की उत्तर ठरलेलं, "मागसून जेवतंय." शेवटची पंगत उठली की वाढप्यांबरोबर उभ्याउभ्या दोन घास पोटात ढकलायचे. त्या वाढप्यांत दादा असायचेच. लग्न कुणाचंही असो, आमटीची बादली दादांच्याच हातात.

मी आठवीत असताना दादा गेले. सकाळी छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. घरात त्यांचे फोटो दोनच, दोन्हींत कुणीतरी दम दिल्यासारखे ताठ. पण आत्याच्या लग्नाची टेप होती. तिच्यात दादा चालत होते, हसत होते, आत्याला निरोप देताना बाहीने डोळे पुसत होते. वर्षश्राद्धानंतर आई ती टेप काकांकडे घेऊन गेली, गावी आत्याला पाठवायला एक प्रत हवी म्हणून. काकांनी त्या संध्याकाळी आईला ती शेवटपर्यंत लावून दाखवली. प्रत नंतर काढू म्हणाले.

आता जे लिहायचं आहे ते मी तीस-पस्तीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. टेपच्या कडेला प्लास्टिकची एक चिमुकली टिकली असते. ती मोडली की त्या टेपवर दुसरं काही भरता येत नाही. काका प्रत्येक लग्नाची टिकली स्वतःच्या अंगठ्याने मोडायचे. पण मोडल्या जागी चिकटपट्टी लावली की मशीनला काही कळत नाही, हे चाळीतल्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं. आईने टेप पाहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार. टीव्हीवर सिनेमा होता आणि मला तो भरून ठेवायचाच होता. मी काही गुणाची मुलगी नव्हते. काका गिरगावात गेलेले, त्यांच्या खोलीची किल्ली आमच्याच खिळ्यावर. कोरी टेप सापडेना. आत्याचं लग्न अर्ध्या तासाचं, टेप तीन तासांची, पुढची जागा कोरीच आहे... आणि टेप काल लग्न संपेपर्यंत चालली आहे, म्हणजे ती तिथेच थांबलेली असणार. मी चिकटपट्टी लावली आणि बटण दाबलं. पण काका टेप उलटी गुंडाळून, सुरुवातीला आणूनच कपाटात ठेवायचे. पाळी सुटताना पुढच्या माणसासाठी साचा नीट लावून जायची गिरणीतली सवय. ती काही मला माहीत नव्हती.

संध्याकाळी काका आले तेव्हा मी मशीनसमोर रडत होते. त्यांनी टेप लावली, थोडी पुढे नेली, आणखी पुढे नेली. सगळीकडे नाचगाणी.  मग म्हणाले, "तू गप रव. वयनीक मी सांगतंय."

आणि त्यांनी सांगितलं की टेप मशीनमध्ये अडकून फाटली, चूक त्यांचीच. आई दारात उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "सगळ्यांची लग्नां सांभाळलंस, आणि माझो एक माणूस तुका सांभाळूक जमला नाय? माझ्या दारात परत येव नको." त्या दिवसापासून काका आमच्याकडे जेवले नाहीत. एकाच गॅलरीत, तीन दारांच्या अंतरावर, दोघं इतकी वर्षं नजर चुकवून राहिली. नळावर आई असली की काका बादली तशीच घेऊन परत जायचे. आणि मी? आधी मला भीती वाटली, मग लाज, मग सवय झाली. माझं लग्न झालं तेव्हा ते गॅलरीच्या टोकाला कठड्याला टेकून उभे होते, कॅमेऱ्याशिवाय. मला शरमेने त्यांच्या पायाही पडवलं नाही.

पुढे लग्नांना नव्या कॅमेऱ्यांची पोरं आली आणि काका जुन्या टेपांवरून नव्या प्रती काढून द्यायला लागले. आधी सीडी, मग डीव्हीडी, मग पेनड्राइव्ह. त्यांनी काढलेल्या टेपा ज्या त्या घरी गेल्या होत्या, त्या आता बुरशी लागून परत यायला लागल्या. काका स्क्रू काढून टेप उघडायचे, मलमलच्या तुकड्याने हलक्या हाताने पुसायचे, तुटली असेल तर ब्लेडने कापून चिकटवायचे. पन्नाशीनंतरही बोटं साचेवाल्याचीच होती. टेपची प्रत घाईत निघत नाही. तीन तासांची टेप तीन तासच घेते. तेवढा वेळ ते खुर्चीतून हलत नसत. आईला भेटायला गेले की मी गुपचूप त्यांच्याकडे डोकावायचे. पडद्यावर अशी माणसं हसत, मिरवत असायची, ज्यांच्या तेराव्याला मी जेवून आले होते. मला तिथे फार वेळ बसवत नसे. एकदा म्हटलं, "मशीन करतंय ना काका, तुम्ही कशाला बसता?" पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "माणसां येतत जातत. लक्ष ठेवूक नको?" म्हातारपणीचा चाळा, असं मी मनात म्हटलं.

तेरावं झाल्यावर सुहासने मला बोलावलं आणि एक पेढ्याचा पत्र्याचा डबा पुढे ठेवला. आत ती टेप होती. माझी चिकटपट्टी पिवळी पडून तशीच चिकटलेली. सोबत एक पेनड्राइव्ह आणि शाळेची वही. वहीत कुणाचा समारंभ, कोणता हॉल, आणि पुढे पेन्सिलीने लिहिलेलं : 'दादांची पाठ.' 'दादांचा हात, बादली.' 'पडद्याआड दादा, बहुतेक.' पानंच्या पानं. पेनड्राइव्हवर तेच सगळे तुकडे. इतकी वर्षं लोकांच्या टेपांमधून काका माझ्या वडिलांना शोधत होते... मला वहीवर हात ठेवून बसावं लागलं.

शेवटच्या ओळीत फक्त परळच्या एका घराचं नाव आणि 'बारसं'. पुढे काही नाही. सुहास म्हणाला, "ही त्या दिवशीची टेप. कॉम्प्युटरवर सगळी उतरली आहे." आम्ही दोघांनी ती पाहिली. साधारण निम्म्यावर पंगत येते. आमटीची बादली घेऊन कुणीतरी पाठमोरं चाललेलं असतं, आणि कॅमेऱ्यामागून काकांचा तरणा आवाज येतो, "दादानू, हयसर बघा मां!" दादा वळतात. पूर्ण चेहरा, कपाळावर घाम. "आधी जेव रे बाबी," दादा म्हणतात. काकांचं ठरलेलं उत्तर येतं, "मागसून जेवतंय."

हे क्षण पडद्यावर येण्याआधी काका गेले की नंतर, ते मला कधीच कळणार नाही. पेन्सिल खुर्चीखाली सापडली. रात्र रात्र मी याच एका गोष्टीवर अडते. त्यांनी पाहिलं असेल, असं धरून चालते. नाहीतर मला जगणं अवघड होईल.

मी सगळं आईला दाखवलं. पाठ, हात, बादली. तिने बोटांवरून दादांना ओळखलं. "बाबीन ह्यां केल्यान?" तिने विचारलं. तेव्हा मी तिला सांगितलं. चिकटपट्टी, सिनेमा, सगळं. आई माझ्याकडे वळली नाही. काकांना न्यायला लोक जमले होते त्या दिवशी ती दार लावून आत बसली होती, हे आम्हा दोघींच्याही मनात असणार. पडद्याकडे बघतच म्हणाली, "परत लाव."

चाळीतलं जे कोणी हे वाचत असेल त्याने ऐकावं : टेप बाबीकाकांनी घालवली नव्हती. मी घालवली. हे त्यांच्यासमोर सांगायला हवं होतं.

आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण मी गेले की जेवायच्या वेळी तो तुकडा लावायला सांगते. दादांकडे ती आता फारसं बघत नाही, डोळे मिटून ऐकते. दादा वळतात, आधी जेव म्हणतात. कॅमेऱ्यामागून उत्तर येतं, "मागसून जेवतंय." आणि हातातला घास ताटात परत ठेवून आई विचारते, "मागसून कधी रे, बाबी?"