गिरजेनं भरलेल्या कांड्या

गिरजा गेली त्या थंडीत मी कोराडीच्या आईला, आमच्या देवीला, तोंडावर सांगून आलो होतो, की तुझं-माझं आता संपलं. गिरजा म्हणजे माझी बायको. देवळात मोठ्यानं बोललो नाही, मनातच बोललो, पण रागानं बोललो, आणि हात न जोडता बाहेर आलो. सोबत सून होती, शकुन. तिनं पाहिलं आणि मान वळवली. मी चौथीपर्यंत शिकलेला विणकर माणूस. मला गोड लिहिता येत नाही, बोलता तर त्याहून येत नाही. जे झालं ते आठवतं तसं लिहितो. ते काय होतं, हे मला विचारू नका.

आमचं घर इतवारीच्या मागच्या गल्लीत. तेव्हा तिथे घरोघरी हातमाग होते आणि दिवसभर ठकठक चालायची. आमचा माग खड्ड्याचा, म्हणजे विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायांनी पावड्या दाबतो. मी विणायचो आणि माझ्या पाठीमागे गिरजा रहाटावर कांड्या भरायची. कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली बोटभर नळी. ती धोट्यात बसवायची, धोटा इकडून तिकडे पळतो आणि कांडी रिकामी होत जाते. आमचा संसार असा पाठीला पाठ लावून झाला. रहाट थांबला की मी समजायचो, आता बाई काहीतरी टोमणा मारणार.

दर नवरात्रात आमच्या घरचं एक लुगडं कोराडीच्या आईला जायचं. हिरवं, लाल काठाचं. माझ्या आईच्या वेळेपासूनची रीत. असं लुगडं एकदा मागावर चढलं की आमच्यात ते मधेच कापून उतरवत नाहीत. त्या थंडीत पुढच्या नवरात्राच्या लुगड्यासाठी गिरजेनं ताप अंगावर काढत टोपलंभर हिरव्या कांड्या भरून ठेवल्या, आणि गेली. ताना, म्हणजे उभं सूत, मागावर चढलेला होता म्हणून मी रागारागानंच विणायला बसलो. पण त्या टोपल्याला हात लावला नाही. शकुनकडून नव्या कांड्या भरून घेतल्या आणि गिरजेचं टोपलं वर फळीवर ठेवून दिलं. कांडीवरच्या सुतात माणसाचा हात राहतो. कोण ओढून भरतं, कोण सैल सोडतं, ते विणकराच्या बोटांना कळतं. गिरजेचं सूत गच्च, एकसारखं. ते विणून टाकलं असतं तर घरात तिचं काय उरलं असतं?

होळी होऊन गेली होती. सकाळी मागावर बसलो, धोट्याची दोरी ओढली, धोटा आलाच नाही. पुन्हा ओढली. मला वाटलं दोरी तुटली. खाली पाहिलं तर दोरी होती तशी होती, माझा हातच हलला नव्हता. शकुनला हाक मारायला गेलो तर तोंडातून लाळ आली, शब्द आला नाही. लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. पोरानं, वासुदेवनं, गल्लीतल्या दोघा-चौघांच्या मदतीनं मला खड्ड्यातून वर काढलं आणि दवाखान्यात नेलं. तिथून घरी आणलं तेव्हा डॉक्टरनं सांगितलं होतं, हात-पाय चोळत राहा, हलवत राहा, त्यांना बोलतं करा.

त्यानंतरचे दिवस मला पाण्याखालून पाहिल्यासारखे आठवतात. माझी खाट मागाजवळच टाकली होती. वर कवेलूचं छप्पर. कवेलूंच्या फटीतून उन्हाचे कवडसे उतरायचे, भिंतीवरून खाली यायचे, जमिनीवरून सरकत मागावर चढायचे, आणि अर्ध्या विणलेल्या हिरव्या लुगड्यावर येऊन बसायचे. मी तेच पाहत पडायचो. माणसं बोलायची ते विहिरीच्या तळातून आल्यासारखं वाटायचं. शेजारच्या मागांची ठकठक माझ्या छातीत शिरायची आणि कुठली छातीची, कुठली मागाची, ते कळत नसे. कधी वाटायचं गिरजा मागे रहाट फिरवून राहिली आहे. घुर्रर्र, घुर्रर्र. मान वळवता येत नव्हती म्हणून खात्री करता येत नव्हती. खरं सांगतो, मला खात्री करायचीही नव्हती.

आणि एक गोष्ट मी कोणाला सांगू शकलो नव्हतो. एका पहाटे जाग आली तर माझ्या पोटावर कोणाचातरी हात होता. थंड, जड, ओळखीचा. मी डाव्या हातानं तो धरला. मला वाटलं, गिरजेचा आहे. उजाडल्यावर दिसलं की तो माझाच मेलेला उजवा हात. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे मी तो तसाच धरला. मग रोजच धरायला लागलो. शकुन तेल घेऊन हात चोळायला आली की मी तो ओढून घ्यायचो, डोळे वटारायचो. तिला वाटायचं म्हाताऱ्याला दुखतं. दुखत कुठे होतं? हात जिवंत झाला की तो माझा होईल, आणि मग पहाटे धरायला काही राहणार नाही, एवढंच मला कळत होतं. माणूस बरा व्हायला का घाबरतो, हे मी तेव्हा शिकलो.

वासुदेव कामठीला पॉवरलूमवर कामाला होता, रोज बसनं जा-ये करायचा. एका सकाळी निघता निघता तो शकुनला म्हणाला, "या रविवारी खड्डा बुजवून टाकतो मी. बाबा उठाले गेले अन् पडले त्यात, तं काय करतं वं?"

"अन् आईचं लुगडं? अर्धं आहे न मागावर."

"कापून ठेवू. आता कोण इनते त्याले?"

"आपल्यात कापत नाही जी असं. आत्याबाई असत्या तं..." सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"आत्याबाई नाहीत न! अन् देवी काय घरी मागाले येऊन राहिली?"

मी सगळं ऐकत होतो. लुगडं कापतील म्हणून वाईट वाटलं का? नाही. जिच्याशी संबंध तोडला तिच्या लुगड्याचं मला काय? मला धास्ती होती ती वरच्या टोपल्याची. माग गेला की कांड्यांचं काय काम? शकुन त्या उलगडून शेजारी देऊन टाकेल, आणि मला नको म्हणता येणार नाही.

त्याच दिवशी दुपारी ऊन कडक होतं. गल्लीतले माग जेवणासाठी थांबले होते आणि सगळीकडे सामसूम होती. शकुन मागच्या अंगणात कपडे धूत होती. कवडसे मागावर पोचले होते. दारात कोणीतरी उभं राहिलं. उजेड पाठीमागे होता म्हणून आधी मला वाटलं, एखादी पोरगी आहे.

"पाणी आहे का जी घरात?"

ती आत आली, आपल्याच घरात आल्यासारखी माठाजवळ गेली, लोटा भरला, प्यायली. जवळ आली तेव्हा दिसलं, पोरगी नाही, चांगली भरल्या वयाची बाई आहे. पायात धूळ, डोक्यावर पदर. तिनं मागाकडे पाहिलं, लाल काठावरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "काहून गा, मागाले सुट्टी देल्ली का?"

मला 'गा' म्हणणारी जगात एकच बाई होती, माझी आई. गिरजा कधी म्हणाली नाही. मी त्या अनोळखी बाईवर चिडायला हवं होतं, पण मला गरमीत कोणी ओला पंचा अंगावर टाकावा तसं वाटलं. डोळे मिटायला लागले. झोप आणि जाग यांच्या मधल्या जागेत मी पाहत होतो, की ती हात उंचावून फळीवरचं टोपलं खाली घेते आहे. गिरजेची एक कांडी उचलते आहे. उन्हाच्या कवडशात धरून पाहते आहे. मग तिनं धोटा उचलला आणि त्यात कांडी बसवली.

"नको!"

घरात कोण ओरडलं ते मला कळलं नाही. मग माझाच घसा खरवडल्यासारखा झाला. "नको! गिर... गिरजाची!"

बाई दचकली नाही. हसली. "आता कसा बोलला! मले वाटलं मुका आहे." मग धोटा माझ्या उशाशी आणून ठेवला. "तिनं कोणासाठी भरल्या होत्या गा? ज्याचं त्याले देऊन टाक न." तिनं माझा उजवा हात, तो थंड हात, पोटावरून उचलला आणि धोट्यावर ठेवला. तिचा हात गरम होता, उन्हातून आलेल्या माणसाचा असतो तसा. एवढंच. मग ती गेली. जाताना दारात तिची पाठ दिसली तेव्हा ती वाकलेली वाटली.

शकुन साबणाच्या हातांनी धावत आली. "मामाजी, तुम्ही बोलले! तुम्हीच बोलले न?" आणि रडायलाच लागली. मी दाराकडे खूण केली. ती बाहेर जाऊन आली. म्हणाली, "एक म्हातारी वळली जी मोडावरून. काहून, आली होती का आत?"

कोराडीची आई सकाळी पोर, दुपारी बाई आणि सांजेला म्हातारी दिसते असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. शेजारी म्हणाले, कामठीकडून कोणाकडे लग्नाला आलेली पाहुणी असेल. असेलही. तिचं घर मी शोधलं नाही. माझी नजरही तेव्हा धड नव्हती.

रविवारी वासुदेव विटांचे तुकडे घेऊन आला तेव्हा मी खाटेवर उठून बसलो होतो. खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणालो, "राहू दे." पोरगा तिथेच विटांवर बसला.

पुढचं सगळं हळूहळू झालं. चमत्कार म्हणून कोणी मला उभं केलं नाही. रोज तेल, रोज चोळणं, रोज शिव्या. दोघांनी धरून मला खड्ड्यात बसवायचं. दोरी डाव्या हातात घेतली. हात्या, म्हणजे ज्यानं सूत ठोकून बसवतात तो, त्याला उजवा हात चिंधीनं बांधायचा. पहिल्या दिवशी चिंधी पाहिली, ओळखली आणि शकुनला विचारलं, "सासूचं लुगडं फा... फाडलं का वं?"

"मंग काय करू जी? मायं नवं फाडू?"

कित्येक दिवसांनी मी हसलो, अर्ध्याच तोंडानं. उजवा पाय पावडीवरून घसरायचा. एकदा मी खड्ड्यातच लवंडलो, तेव्हा वासुदेव वर काढता काढता म्हणाला, "म्हणून म्हणत होतो न, बुजवू!" आणि तोही हसला. शब्द एकेक करून परत आले. शिव्या आधी आल्या, नावं मागून.

मी गिरजेच्या कांड्या विणत होतो. एकेक कांडी धोट्यात बसवताना अंगठ्याला तिचं गच्च सूत लागायचं, आणि संपली की हातात नुसती नळी राहायची. मग उजव्या हातात मुंग्या यायला लागल्या. आधी बोटांच्या टोकांना, मग मनगटापर्यंत. आणि पावसाळा सरता सरता एका पहाटे मी सवयीनं पोटावरचा हात धरला, तर त्या हातानंही मला धरलं. तो माझाच हात होता. गरम. त्या पहाटे गिरजा दुसऱ्यांदा गेली. मी पोटभर रडलो. पण थंडीत रडलो होतो तसा कोणावर दात खाऊन नाही.

तिच्या कांड्या लुगडं पुरं व्हायच्या आत संपल्या. मनात कुठेतरी वाटत होतं की बरोबर पुरतील, तशी काही खूण मिळेल. नाही मिळाली. हातभर कमी पडलं. मग शकुनच्या कांड्या घेतल्या, सैल, कुठे गाठ, कुठे जाड. धोट्यात घालताना फरक बोटांना कळत होता. पण विणल्यावर उजेडात धरून पाहिलं, तर गिरजेचं सूत कुठे संपलं आणि शकुनचं कुठे सुरू झालं, ते मला, जन्म मागावर घालवलेल्या माणसाला, दाखवता येईना.

नवरात्रात आम्ही बसनं कोराडीला गेलो. पुजाऱ्यानं लुगडं उलगडलं आणि मधेच बोट ठेवलं. "इथं वीण सैल झाली जी."

"आजारी होतो," मी म्हणालो.

त्यांनी आईला ते नेसवलं. सैल भाग निऱ्यांत लपला नाही, सगळ्यांना दिसेल असा समोरच आला. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मूर्ती होती तशीच होती. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, पण एकही शब्द आठवला नाही, आणि या वेळी तो लकव्याचा दोष नव्हता. मी हात जोडले. उजवा जरा उशिरा आला, पण आला. आई, तू माझ्या दारात पाणी प्यायलीस की नाही, मला ठाऊक नाही. मी जे मुठीत आवळून बसलो होतो, ते तुझ्यासाठीच भरलेलं होतं, एवढं मला समजलं. तू ते घेतलंस. माझी मूठ तेवढी मला परत दिलीस. तुझे उपकार आहेत.

घरी आलो तेव्हा गिरजेच्या रिकाम्या नळ्यांचं टोपलं मागाजवळ पडलं होतं. निदान एवढ्या तरी वर ठेवून द्याव्या, असं निघताना ठरवलं होतं. शकुन रहाटापाशी बसली होती, कुठल्या नळ्या घ्यायच्या ते पाहत. मी टोपलं तिच्यापुढे सरकवलं. उजव्या हातानं.

"भर वं," म्हणालो, आणि तिच्याकडे पाठ करून खड्ड्यात पाय सोडले.