शाळेतली रोवणी

मला गाता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. गावात सगळ्यांना माहीत आहे. मी आरती म्हणायला लागले की बाकीच्या बाया टाळ्या जोरात वाजवतात. तरी एका वर्षी शाळेतल्या पोरांना गाणं शिकवायचं काम माझ्याच गळ्यात आलं.

तेव्हा मी गावच्या शाळेत खिचडी शिजवत होते. शाळेत खिचडी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. एरवी शाळा भरलेली असे, पण धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की अर्धी रिकामी. आया बांधीत, धानाच्या खाचरात, वाकलेल्या, मग घरचं लहान लेकरू कोणी धरायचं? मोठं लेकरू धरायचं. ते सहा-सात वर्षांचं असलं तरी मोठंच. अर्जुनी मोरगावहून शिक्षण खात्याचे साहेब आले, त्यांनी हजेरी पाहिली आणि उपाय सांगून गेले. रोवणीच्या दिवसांत पहिली-दुसरीच्या पोरांचा ऋतुगीतांचा कार्यक्रम घ्या, गाण्याच्या ओढीनं पोरं येतील. कार्यक्रम बघायला ते स्वतः येणार होते.

आमच्याकडे गुरुजी एक आणि मॅडम एक. मॅडम तरुण होती, पश्चिमेकडून नोकरीला आलेली, बोलणं एकदम पुस्तकातलं. गुरुजींनी कार्यक्रम तिच्यावर ढकलला आणि ते निश्चिंत झाले.

माझी नात दुसरीत होती. सुनेनं ठरवलं होतं की सोमवारपासून पोरीनं शाळा सोडून धुऱ्यावर, शेताच्या कडेला, बसायचं आणि भावाला सांभाळायचं. भाऊ आठ महिन्यांचा. पंधरा दिवसांचाच तर प्रश्न, असं सून म्हणाली. हे पंधरा दिवस मला चांगले माहीत होते. मी चौथीत असताना माझी आई हेच म्हणाली होती. त्या पंधरा दिवसांना पन्नास वर्षं होत आली, मी अजून शाळेत परत गेलेली नाही. गेले ती थेट खिचडी शिजवायलाच.

म्हणून मी मॅडमला म्हटलं, "माझ्या नातीले घ्या गाण्यात. पुढे उभी करा."

"मावशी, तिला गाता येतं का?"

"आमच्या घरात कोणालेच येत नाही."

"मग?"

"उभी राहते ना सरळ."

मॅडम हसली आणि घेतलं पोरीला. शाळेनं गाण्यात नाव घातलं म्हटल्यावर सुनेला नाही म्हणता येईना. पण ती गप्प बसणारी नव्हती. "मामीजी, तुम्हीच पाहा ना मग बाळाले," म्हणाली.

"काऊन? खिचडी कोण शिजवील?"

खरं सांगायचं तर खिचडी दोन तासांचं काम. पण मी पाच लेकरं वाढवली होती, आता सहावं मला नको होतं. सून रोज लेकराला घेऊन बांधीवर जाऊ लागली. दुसऱ्या एका बाईची पोर त्याला धरायची आणि माझी नात शाळेत गाणं म्हणायची. म्हणजे एक पोर शाळेत टिकली, दुसरी गेली. हे मी तेव्हा मोजलं नाही.

मॅडमनं आधी टेपवरचं एक गाणं आणलं. त्यात मोर होता, पिसारा होता, थुईथुई होतं. चार दिवस पोरं हात वर करून उभी राहिली, तोंडातून आवाज येईना. मग मॅडम माझ्याकडे आली. "मावशी, तुम्ही बायका रोवणी करताना काहीतरी म्हणता ना? तेच शिकवा."

मी म्हणून दाखवलं.

धनी बसला धुऱ्यावरी, छत्री धरली डोईवरी,
आमची कंबर मोडली तरी, म्हणतो झाली नाही पुरी.

माझा आवाज ऐकून मॅडमचा चेहरा कसनुसा झाला, आणि शब्द ऐकून तर आणखीच. पुढची कडवी मी म्हटलीच नाहीत, त्यात धन्याच्या बायकोचाही समाचार होता. मॅडमनं वही काढली. धनी खोडून ढग केला. धुरा खोडून डोंगर केला. कंबर मोडली तिथे मौज झाली असं लिहिलं. आता ढग डोंगरावर छत्री धरून बसला होता. ढगाला छत्री कायले लागते, हे मी विचारलं नाही. पगार तिला शिकवण्याचा होता, मला शिजवण्याचा.

तरी पोरांचा आवाज निघेना. मी पाहिलं, ती ताठ उभी होती. म्हटलं, "वाका जरा. हे गाणं उभ्यानं येत नाही." पोरं वाकली आणि आवाज सुटला. मग हाताला काहीतरी पाहिजे म्हणून मी उरलेले परे, म्हणजे धानाची रोपं, आणून दिली. एक रोप लावायचं, एक पाऊल मागे. रोवणी मागे मागेच जाते, पुढे गेलो तर आपलंच लावलेलं आपण तुडवू. नात तर दोन दिवसांत अशी तयार झाली की बाकीची पोरं तिच्या पायाकडे बघून पाय टाकायची. मॅडम खूश. शाळेचं मैदान मोठं, मागे जायला जागाच जागा.

कार्यक्रम मात्र वऱ्हांड्यात ठेवला, कारण मैदानात चिखल झाला होता. वऱ्हांड्यासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीत साहेब, दुसरीत शाळेच्या समितीचे अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे गावातले सगळ्यात मोठे धानवाले, आणि त्या दिवशी रोवणी त्यांच्याच बांधीत चालू होती. त्यांनी बायांना अर्धा तास सुटी दिली होती. बाया गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेल्या तशाच येऊन उभ्या राहिल्या. रोवणी थांबवून रोवणीचं गाणं बघायला आल्या होत्या.

पोरं वाकली, गाऊ लागली, मागे सरकू लागली. दुसऱ्या कडव्याला सगळ्यांची ढुंगणं भिंतीला लागली. बांधीत धुरा लागला की बाई वळते आणि दुसरी पाटी, म्हणजे पुढचा पट्टा, धरते. पोरांनी तेच केलं. आता त्यांची तोंडं भिंतीकडे, आणि साहेबाच्या दिशेनं बावीस ढुंगणं गात गात येऊ लागली. मॅडम "थांबा, थांबा!" म्हणत होती, पण ऐकायला तोंडं तिकडे कुठे होती? माझी नात टोकाला होती. पायरी आली, ती उलटी उतरली. चिखलात पाय पडला तशी तिला बरंच वाटलं असावं. तिनं रोप रोवलं आणि एक पाऊल मागे घेतलं. तिच्यामागे सगळी रांग उतरली. साहेबांनी खुर्ची उचलून बाजूला घेतली.

बाया आधी हसल्या, मग त्यांना राहवेना. "अवो, इतकं खोल नको! दोन बोटं, दोन बोटं!" एकीनं गाणं उचललं, मग सगळ्यांनी. ढगबिग काही नाही, खरे शब्द. धनी बसला धुऱ्यावरी. अध्यक्षांच्या डोक्यावर खरोखरच छत्री होती. मॅडमनं डोळे मिटून घेतले.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि वहीत लिहिलं, उपक्रम चांगला. मग खिचडी खाऊन गेले. अध्यक्षही रागावले नाहीत. ते माझ्या नातीनं लावलेली ओळ बघत होते. सुनेला म्हणाले, "पोट्टीचा हात मस्त चालते वो. उद्यापासून धाडजो इले आमच्या बांधीत."

शाळेच्या समितीचे अध्यक्ष शाळेच्या दारात उभे राहून हे म्हणाले. सुनेचा चेहरा फुलला. इतका फुललेला मी लग्नातही पाहिला नव्हता.

घरी आल्यावर सून म्हणाली, "आता बाळाले त्या दुसऱ्या पोरीजवळच ठेवतो, इले परे लावायले नेतो."

पोर तर नाचत होती. "मले येते रोवणी, आजी! सायबानं टाळ्या वाजवल्या."

शिकवणारी मीच. कोणाला बोलणार?

मी म्हटलं, "पोट्टी शाळेत जाईल. बाळाले मी पाहतो."

सून बघतच राहिली. "अन् खिचडी?"

"खिचडी दोन तासांचं काम आहे," मी म्हटलं.

"हे आठ दिवस पहिले नाही सांगता आलं तुम्हाले?"

मी चुलीपुढे जाऊन बसले.

दुसऱ्या दिवसापासून खिचडीच्या खोलीबाहेर कडुलिंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. गुरुजी म्हणाले, हे नियमात बसत नाही. मी म्हटलं, नियमात नाही, झोळीत बसते. हजेरीच्या वेळी बाळ रडलं की पोरं आतून "हजर!" ओरडायची. नात आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. शाळेत मात्र आली, माझ्यावर डोळे वटारत वटारत आली. पुढे चौथी झाली आणि पाचवीला दुसऱ्या गावी गेली. मला तेवढंच पाहिजे होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच कार्यक्रम आला. मॅडम हौसेनं म्हणाली, "मावशी, यंदा धान कापणीचं काही आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "तुमचा तो मोरच घ्या. नाचून झाल्यावर त्याले कोणी उद्यापासून कामाले बोलवत नाही."