अबोल्यातलं ऑइल

त्याच्या गॅरेजवर पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. सगळे त्याला धुरंधर मिस्त्रीच म्हणत. गाडी फाटकातून आत येईपर्यंत हा बाकावर चहा पीत बसलेला असायचा, तिच्या मागच्या नळीकडे एक नजर टाकायचा आणि निकाल देऊन मोकळा व्हायचा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरा धूर थांबतच नाही म्हणजे आत पाणी शिरलंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय. मालकाने तोंड उघडलं की हात वर करायचा, "तुम्ही नका बोलू हो, गाडीला बोलू द्या!" आगाऊ होता मेला, पण बहुतेक वेळा बरोबर निघायचा, म्हणून लोक खपवून घ्यायचे.

एका शनिवारी सकाळी त्याच्या सख्ख्या बहिणीची गाडी आत आली आणि मागे निळा धूर असा, की शेजारच्या लाँड्रीवाल्याने वाळत घातलेल्या चादरी भराभर आत ओढल्या. गाडी चालवत होते दाजी, शेजारी ताई. दोघं दोन दारांनी उतरली.

"तुझ्या दाजींना सांग, गाडी ऑइल पितेय," ताई म्हणाली. दाजी तिच्यापासून दोन हातांवर उभे होते.

"तुझ्या ताईला सांग, मला माहीत आहे," दाजी म्हणाले.

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. म्हणजे अबोला अजून चालूच! निवृत्त झाल्यावर दाजींना घराला शिस्त लावायचा झटका आला होता. त्या भरात त्यांनी ताईचं शिवणयंत्र खिडकीपासून उचलून आतल्या भिंतीला लावलं. ताई नुसतं "बरं" म्हणाली. तेव्हापासून त्या घरात भांडीच काय ती बोलत. पण दाजी तिला रोज तिच्या शिवणाच्या दुकानात सोडत आणि संध्याकाळी घेऊन येत, तेही मुकाट्याने.

"डिकीतला ऑइलचा कॅन बघता बघता रिकामा होतो रे," दाजी म्हणाले. "इंजिन गेलं असेल तर स्पष्ट सांग. उद्या भंगारवाल्याला बोलावलंय. नंतर बस आहेच."

"मला बस चालते," ताई बॉनेटकडे बघत म्हणाली.

मिस्त्रीने चहाचा कप बाजूला ठेवला. ही गाडी गेली, की ही दोघं दिवसभरात एकमेकांशेजारी बसायचीच नाहीत. ती बसने जाईल, ते घरात बसतील, आणि अबोला मुरत जाईल. त्याला ताईची काळजी वाटली, आणि खरं सांगायचं तर दाजींची जरा जास्तच.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या," हा निकाल अगदी जिभेवर आला होता. पण रिंगा गेल्या म्हणजे इंजिन उघडायचं, आणि एवढ्या म्हाताऱ्या गाडीवर तो खर्च कोण करतो? पठ्ठ्याने निकाल गिळला आणि बाह्या सरसावल्या. सिलिंडरमधला दाब मोजला, तर चारही ठणठणीत. म्हणजे रिंगा शाबूत. वॉल्व्हची सीलं म्हणावीत, तर तो धूर गाडी सुरू करताना येतो आणि मग ओसरतो, हिचा तर ओसरायचं नावच घेत नव्हता. गाडीखाली पुठ्ठा सरकवून पाहिला, गळतीचा एक थेंब नाही. शेवटी वैतागून त्याने हवेच्या फिल्टरचं झाकण उघडलं. फिल्टर ऑइलने नुसता निथळत होता.

"अरे देवा!" म्हणत त्याने ऑइल मोजायची पट्टी ओढली. खरं तर सगळ्यात आधी करायचं काम ते. पण दाजी म्हणजे दाराला कुलूप लावल्यावर तीन-तीनदा ओढून बघणारा माणूस, त्यांचं काय तपासायचं, असं वाटून त्याने ते सोडूनच दिलं होतं. ऑइल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर पोचलं होतं.

"दाजी, ऑइल कमी कुठलं, उतू चाललंय! आत घुसळून त्याचा फेस होतो, तो इंजिनाच्या वरच्या नळीतून हवेच्या फिल्टरात चढतो आणि हवेबरोबर आत जाऊन जळतो. एवढं ओततं कोण?"

"संध्याकाळी घरी आलो की मी लगेच पट्टी बघतो. कमी दिसतं, मग थोडं घालतो."

"इंजिन बंद केल्या केल्या? अहो, वर गेलेलं ऑइल खाली उतरायला वेळ तरी द्या! पण तुमच्या थोड्याने एवढं व्हायचं नाही."

ताईने पर्स उघडली, पुन्हा बंद केली. "मीपण घालते," ती हळूच म्हणाली. "सकाळी, हे आंघोळीला गेले की. धूर दिसायचा ना. म्हटलं, ह्यांच्या लक्षात आलं नसेल."

कॅन एकच. त्यांनी ओतलं की हिला तो उतरलेला दिसायचा, हिने ओतलं की त्यांना, आणि गाडी एवढं पिते म्हणून घाबरून दोघंही हात आणखी सैल सोडायचे. मिस्त्री पोट धरून हसत सुटला. "दोघांनी मिळून पाजलंत आणि पिते म्हणून तिलाच नावं ठेवलीत!"

दाजी मात्र हसले नाहीत. ते सरळ ताईकडे वळले. "तू कशाला हात काळे करत होतीस?"

"मला सोडून तुम्ही एकटे परत येता. वाटेत बंद पडली म्हणजे? तुम्हाला साधं चाक बदलता येत नाही!"

"आणि मी कुणासाठी ओतत होतो? मला कुठे जायचं असतं?"

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण आवाज चढलेलाच. "मग माझं मशीन का हलवलंत?"

"खिडकीच्या वाऱ्याने तुझी मान धरते म्हणून!"

"असं सांगायचं होतं ना!"

"तू 'बरं' म्हणालीस!"

लाँड्रीवाला चादरी सोडून फाटकात येऊन उभा राहिला. मिस्त्रीने जास्तीचं ऑइल काढलं, फिल्टरकडे जाणारी नळी धुतली, नवा फिल्टर बसवला आणि गाडी चालू ठेवली. आत साचलेलं जळून गेलं तसा धूर विरळ होत होत नाहीसा झाला. त्याने दोघांना हाका मारून दाखवायचा प्रयत्न केला, पण तिकडे बघायला फुरसत कुणाला होती?

भांडून भांडून दम लागल्यावर ताई गाडीत जाऊन बसली. "उद्या मला कुठेतरी लांब फिरवून आणा," ती आतून म्हणाली.

"उद्या तर दुकान बंद असतं तुझं."

"म्हणूनच म्हणतेय."

दाजींनी तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. "उद्या येऊ नका," ते म्हणाले, "आम्ही दोघं गाडी घेऊन बाहेर चाललोय."