रिपीटर पोरींची मेस

लातूरच्या दवाखान्यात बाकावर एक बाई नेहमी माझ्या शेजारी असायची. मूळची निलंग्याची, इथं नीट परीक्षेच्या क्लासच्या पोरींची मेस चालवायची. पीसीओडी दोघींनाही. जुन्या आणि नव्या गोळीच्या रिकाम्या पट्ट्या ती मांडीवर शेजारी शेजारी ठेवून बघत बसायची.

"जुनीनं अंडंच तयार झालं न्हाई. तुम्हाला नवीनं काय फरक हाय?"

"अंडं होतंय. दिवस राहत नाहीत."

पट्ट्यांना रबर लावत ती म्हणाली, "माझ्याकडं निम्म्या पोरी रिपीटर हायत. नापास झाल्या की घरचेच म्हणतात, अजून एकदा बस. आपल्याला कुणी म्हणत न्हाई बघा."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, "अजून एकदा बघणार आहे."