झ म्हणजे झोप

रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, टोकाच्या खोलीत, माणसाच्या डोक्याला एकवीस वायरी चिकटवून मेंदूचा आलेख काढणाऱ्या बाईंना सगळे ‘रेघवाल्या बाई’ म्हणत. सव्वीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. यंत्र जुनं, कागद लांबच लांब आणि बाईंच्या हातात पेन्सिल. माणसानं आवंढा गिळला की रेघेखाली ‘गि.’, डोळे मिटले की ‘मि.’, पेंगला की ‘झ.’. मोठ्या डॉक्टरांना ही बाराखडी तोंडपाठ होती. ते निवृत्त झाले आणि नवे डॉक्टर आले. हुशार, कामाला वाघ, पण सदा घाईत.

एका मंगळवारी एक बसचालक तपासणीला आला. आगारात तासभर उन्हात उभा राहिला आणि डबा घेऊन आलेल्या बायकोसमोरच चक्कर येऊन पडला, एवढंच निमित्त. डोळे मिटायला सांगितल्यावर चार मिनिटांत तो घोरू लागला. कागदावर टोकदार लाटांचे झुबके उठले. बाईंनी हाक मारली, तसा तो दचकून उठला आणि शेवटचा थांबा आला का, असं विचारू लागला. झुबके गायब! बाईंना हसू आवरेना. त्यांनी ‘झ.’ लिहिलं, हाकेचं लिहायचं मात्र राहून गेलं.

गुरुवारी चालकाची बायको दारात उभी. हातातल्या अहवालात लिहिलं होतं: फेफऱ्याच्या लाटा, वाहन चालवू नये. सोमवारी तो आगारात दाखवायचा होता. दाखवला की स्टिअरिंग कायमचं सुटलं.

“एकोणीस वर्षं दुसरं काही केलं नाही हो त्यांनी,” ती म्हणाली. “घरी बसून नुसते भांड्यांवर चिडतात.”

बाईंनी मूळ कागद उलगडला. ‘झ.’भोवती लाल पेन्सिलीनं गोल केला होता. डॉक्टरांनी ‘झ’ म्हणजे झटका असं वाचलं होतं. ध चा मा म्हणतात तो हाच.

घरी बाईंच्या नणंदेनं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. निवृत्तीला सात महिने उरले असताना साहेबाशी वैर कशाला, हे तिचं म्हणणं. “वहिनी, सव्वीस वर्षं लोकांची डोकी वाचलीस, आता स्वतःचं वापर आणि गप्प बस.”

“वापरतेय म्हणूनच बोलणार आहे,” बाई म्हणाल्या आणि भाजी निवडत बसल्या.

शुक्रवारी नऊ वाजता त्या डॉक्टरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. घोटाळा माझ्या अक्षरानं झाला, असं सांगून टाकलं. डॉक्टर क्षणभर ओशाळले, पण हटले नाहीत.

“अक्षर पुसलं तरी लाट पुसली जात नाही, बाई. ती टोकदारच आहे.”

मुद्दा बिनतोड होता. बाईंनी आपल्या भाषेत सांगितलं. जागेपणी मेंदूतल्या पेशी बाजारातल्यासारख्या बडबडतात, जिची तिची बडबड वेगळी. झोप लागली की त्याच पेशी झुबक्याझुबक्यानं बोलतात, मग गप्प. निरोगी माणसाचंही असंच. फेफऱ्यातही झुबकेच असतात. पण झोपेतला झुबका हाक ऐकतो. आजारातला सहसा कुणाला जुमानत नाही.

“सहसा,” डॉक्टर म्हणाले. “आणि हाक मारल्याचं कुठं लिहिलंय?”

“कुठंच नाही. तीच माझी चूक. आलेख परत काढू. तुम्ही शेजारी उभे राहा.”

पुढचे तीन आठवडे यंत्राला फुरसत नव्हती. बाईंनी आपली शनिवारची सुट्टी दिली. चूक लेखी द्या, असं डॉक्टर म्हणताच तिथंच लिहून दिली: खुणांची यादी केली नव्हती, हाकेची नोंद राहिली. खाली तारीख, वेळ, सही.

शनिवारी चालक बायकोबरोबर आला तो जागरण करूनच, तशी सूचनाच होती. जागेपणीची वीस मिनिटं कागद स्वच्छ. पण आता भीतीनं त्याचा डोळाच लागेना. घड्याळ पुढं सरकत होतं. डॉक्टर चुळबुळू लागले.

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. “तुमच्या बसचे थांबे सांगा. पहिल्यापासून, एकही न गाळता.”

तो सांगू लागला. बारावा थांबा जड जिभेनं आला, सतरावा अर्धाच. लगेच झुबके उठले. डॉक्टरांनी स्वतः हाक मारली. रेघ शांत झाली. पुन्हा झोप, पुन्हा झुबके, पुन्हा हाक. तीनदा. मग त्यांनी कागद उजेडात धरला. लाटा डोक्याच्या मधोमध, दोन्हीकडं सारख्या, झोपेबाहेर एकही नाही. पडल्यावर कसा दिसत होता, किती वेळात शुद्धीवर आला, हेही त्यांनी बायकोला खोदून विचारलं.

“म्हणजे माझं डोकं ठीक?” केसांतला चिकटा पुसत चालकानं विचारलं.

“झोपेतलं तरी,” बाई म्हणाल्या. “जागेपणीचं बायकोला विचारा.”

डॉक्टरांनी नवा अहवाल लिहिला. लाटा झोपेतल्या, आजाराची खूण नाही, पहिला अहवाल रद्द. सही करून कागद चालकाच्या बायकोपुढं धरला. बाईंनी तो मधेच घेतला, वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

“वेळ राहिली, डॉक्टर.”

डॉक्टरांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली.